एरो हेल्मेट

एरो हेल्मेट म्हणजे हवेचा रोध कमीत कमी व्हावा अशा आकारात घडवलेले, सायकल शर्यतीत वापरले जाणारे शिरस्त्राण होय. एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याची टाइम ट्रायल, वेलोड्रोममधील शर्यती आणि ट्रायथलॉन या प्रकारांत त्याचा वापर प्रामुख्याने होतो. साध्या सायकल हेल्मेटला वारा खेळता राहावा म्हणून मोठी छिद्रे असतात. एरो हेल्मेटचे कवच मात्र बहुतांशी बंद व गुळगुळीत असून मागील बाजूस निमुळते होत जाते. काहींना कान झाकणाऱ्या पाळ्या आणि डोळ्यांपुढे काच असते. डोक्याचे रक्षण हे या वस्तूचे पहिले काम आणि वेगास साहाय्य हे दुसरे. खरेदीच्या वेळी हा क्रम पुष्कळदा उलटा होतो.

‘वायुगतिकीय शिरस्त्राण’ असा प्रतिशब्द मराठीत सहज करता येतो, परंतु सायकलस्वारांच्या बोलण्यात तो आढळत नाही. ‘एरो हेल्मेट’ हाच शब्द रूढ असल्याने लेखात तोच योजला आहे.

ट्रायथलॉनमधील स्थान

ट्रायथलॉनमध्ये पोहणे, सायकल चालवणे व धावणे हे तीन टप्पे सलग पार करावे लागतात. ऑलिंपिक अंतराच्या स्पर्धेत ते अनुक्रमे १.५, ४० व १० किलोमीटरांचे असतात. पूर्ण आयर्नमॅन स्पर्धेत ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे असते. त्याच्या निम्म्या अंतराची स्पर्धा ‘७०.३’ या आकड्याने ओळखली जाते. तिन्ही टप्प्यांचे मिळून होणारे ११३ किलोमीटर मैलांत मोजले की हा आकडा येतो. तिन्ही प्रकारांत सर्वाधिक अंतर सायकलचेच आहे आणि सर्वाधिक वेळही बहुधा तेथेच जातो.

हौशी स्पर्धकांच्या बहुतेक ट्रायथलॉनमध्ये पुढच्या स्वाराच्या आडोशाने सायकल चालवण्यास, म्हणजे ड्राफ्टिंगला, मनाई असते. प्रत्येकाला वारा स्वतःच कापावा लागतो. ऑलिंपिकमधील अव्वल खेळाडूंच्या स्पर्धेत ड्राफ्टिंगची मुभा असल्याने खेळाडू घोळक्याने जातात आणि तेथे बंद कवचाच्या लांबट हेल्मेटचा विशेष उपयोग उरत नाही. दूरचित्रवाणीवर ऑलिंपिक ट्रायथलॉन पाहून ‘मोठे खेळाडू तर साधेच हेल्मेट घालतात’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घ्यावा.

इतिहास

निमुळत्या आकाराची पहिली शिरोवेष्टने संरक्षणासाठी नव्हतीच. १९८०च्या दशकाच्या आरंभी शर्यतींत दिसणारी ही प्लॅस्टिकची पातळ कवचे केवळ हवेला वाट करून देत. आत धक्का शोषणारा थर नसल्याने पडल्यास त्यांचा काही उपयोग होत नसे.

एरो हेल्मेट सर्वसामान्य प्रेक्षकांच्या नजरेत भरले ते २३ जुलै १९८९ रोजी. त्या दिवशी ‘तूर द फ्रान्स’ या शर्यतीचा अखेरचा टप्पा व्हर्साय ते पॅरिस असा २४.५ किलोमीटरांचा होता व तो टाइम ट्रायलच्या पद्धतीने व्हायचा होता. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हा फ्रान्सच्या लोराँ फिन्योंपेक्षा ५० सेकंदांनी मागे होता. लेमाँडने मागे निमुळते होत जाणारे हेल्मेट घातले होते आणि हँडलवर पुढे कोपर टेकवण्याचे दांडे, म्हणजे एरोबार, लावले होते. हे दांडे ट्रायथलॉनपटूंनी आधीच आपलेसे केलेले होते. रस्त्यावरील शर्यतीच्या परंपरेत मात्र ते परके वाटत. फिन्यों बोडक्या डोक्याने, केसांची शेंडी वाऱ्यावर उडवीत निघाला. लेमाँडने ताशी ५४.५ किलोमीटरांच्या सरासरी वेगाने तो टप्पा फिन्योंपेक्षा ५८ सेकंद कमी वेळात पूर्ण केला आणि सुमारे ३,२८५ किलोमीटरांची ती संपूर्ण शर्यत अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली.

या विजयाचे सगळे श्रेय हेल्मेटला देण्याची प्रथा पडली आहे, ती अर्थातच एकांगी आहे. कोपरे जवळ घेऊन पाठ खाली नेणाऱ्या एरोबारचा वाटा हेल्मेटपेक्षा मोठा असणार, आणि पायांत बळ नसते तर दोन्ही व्यर्थ ठरली असती. तथापि, आठ सेकंदांच्या फरकात प्रत्येक लहान गोष्ट निर्णायक ठरते, हे त्या दिवसानंतर कोणी नाकारले नाही.

संरक्षणाची सक्ती त्या मानाने उशिरा आली. मार्च २००३ मध्ये पॅरिस–नीस शर्यतीत पडून कझाकस्तानचा सायकलपटू आंद्रेई किव्हिलेव्ह मरण पावला. त्याने हेल्मेट घातलेले नव्हते. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट अनिवार्य केले. पुढे लांब शेपटीच्या आकाराची जागा हळूहळू आखूड शेपटीच्या हेल्मेटने घेतली. २०१२ साली ब्रिटनच्या ब्रॅडली विगिन्सच्या डोक्यावर दिसलेले कास्क कंपनीचे ‘बांबिनो’ हे त्याचे ठळक उदाहरण. त्याच सुमारास कमी छिद्रांची पण साध्या हेल्मेटच्या आकाराची ‘एरो रोड’ हेल्मेटेही बाजारात आली आणि ग्राहकापुढे तिसरा पर्याय उभा राहिला.

हवेचा रोध आणि हेल्मेटचा वाटा

सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतांश शक्ती हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हा रोध हवेची घनता, स्वाराचा समोरून दिसणारा विस्तार, त्याच्या आकाराचा गुणक आणि वेगाचा वर्ग यांवर अवलंबून असतो. त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणूनच २८ वरून ३० वर जाणे जितके सोपे वाटते, तितके ३८ वरून ४० वर जाणे वाटत नाही.

एक हिशेब मांडून पाहता येतो. मध्यम बांध्याचा स्वार एरोबारवर ताशी ३० किलोमीटरने जात असेल, तर केवळ हवेसाठी त्याचे सुमारे १०० वॅट खर्च होतात; ताशी ४० ला हाच आकडा २३५ वॅटच्या आसपास पोहोचतो. चांगल्या बसलेल्या एरो हेल्मेटमुळे एकूण रोध दोन टक्क्यांनी घटला असे धरले, तर पहिल्या स्वाराचे २ वॅट वाचतात व दुसऱ्याचे पावणेपाच. त्यावरून हे हेल्मेट वेगवान खेळाडूंनाच लाभदायक असा समज होतो. वेळेचा हिशेब निराळे सांगतो. तेवढ्याच श्रमात दोघांचाही वेग साधारण ०.६ टक्क्याने वाढतो. ९० किलोमीटरांसाठी पहिल्याला तीन तास लागतात, म्हणून त्याची सुमारे ६५ सेकंदे वाचतात. सव्वादोन तासांत पोहोचणाऱ्या दुसऱ्याची सुमारे ५० सेकंदे. रस्त्यावर अधिक काळ राहणाऱ्याला अधिक सेकंदे मिळतात.

तीन तासांत एक मिनिट ही बचत खरी आहे, पण तिची किंमत ओळखूनच पैसे खर्चावेत. एरोबारवर पाठ सपाट ठेवून टिकून राहण्याची सवय, अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि चांगले टायर यांतून मिळणारा लाभ एकत्रितपणे याच्या कितीतरी पट असतो. ज्याला एरोबारवर पंधरा मिनिटांत मान दुखून उठून बसावे लागते, त्याने आधी सायकलची मापे बसवून घ्यावीत. हेल्मेट नंतरही घेता येते.

आकार आणि डोक्याची ठेवण

वातविवरात, म्हणजे नियंत्रित वारा सोडून चाचणी घेण्याच्या बंदिस्त जागेत, मिळालेले आकडे उत्पादक जाहिरातीत देतात. ते खोटे नसतात, मात्र ते एका विशिष्ट स्वाराचे वा पुतळ्याचे असतात. हेल्मेट एकटे हवेत उडत नाही. डोके, मान, खांदे आणि पाठ या सर्वांवरून हवा एका ओघात जाते, आणि तो ओघ न तोडणारे हेल्मेट त्या माणसासाठी चांगले. यामुळेच एका खेळाडूला सर्वांत वेगवान ठरलेले हेल्मेट दुसऱ्याला मंद ठरू शकते.

लांब शेपटीचे हेल्मेट हे याचे उत्तम उदाहरण. स्वाराची नजर समोर आणि शेपटी पाठीच्या उताराला टेकल्यासारखी असेल, तेव्हा ते उत्कृष्ट काम करते. मान खाली गेली की शेपटी वर उठते आणि वाऱ्यात शिडासारखी उभी राहते. वेलोड्रोममध्ये चार मिनिटे मान स्थिर ठेवणे शक्य असते. ट्रायथलॉनमध्ये स्वार बाटली काढतो, खाण्याची पुडी फोडतो, घड्याळ बघतो, दोन तासांनंतर थकून चाकाकडे पाहू लागतो. बाजूने वारा असेल तर लांब शेपटी डोके ओढू लागते. लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनपटूला म्हणूनच आखूड शेपटीचे हेल्मेट अधिक क्षमाशील असते: चुकीच्या ठेवणीतही त्याचे नुकसान थोडे.

स्वतःची ठेवण पाहण्याचा सोपा उपाय असा. सायकल घरातील ट्रेनरवर लावावी, तासभर चालवावी आणि शेवटच्या दहा मिनिटांत कोणाकडून तरी बाजूने चित्रफीत घ्यावी. पहिल्या पाच मिनिटांतील छायाचित्रात प्रत्येक जण देखणा दिसतो. थकल्यावर शेपटी व पाठ यांत किती फट पडते, हे पाहावयाचे असते.

उष्णता

युरोपातील मार्गदर्शक लेख उष्णतेचा मुद्दा दोन ओळींत आटोपतात. महाराष्ट्र आणि गोव्यात तो मुख्य ठरतो. २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात ‘आयर्नमॅन ७०.३’ स्पर्धा प्रथम झाली आणि महाराष्ट्रातील स्पर्धकांना परदेशी न जाता या प्रकारात उतरण्याची संधी मिळाली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात किनारपट्टीवर हवा दमट असते. घाम येतो, पण वाळत नाही. सायकलवर असेपर्यंत अंगाला वारा लागतो. खरी परीक्षा पुढे, उन्हात २१ किलोमीटर धावताना होते. बंद हेल्मेटमध्ये तापलेल्या डोक्याने सायकलवरून उतरणाऱ्या धावपटूला पहिल्या दोन किलोमीटरांतच चालावे लागले, तर कमावलेले मिनिट व्याजासह परत जाते.

उष्णता सोसण्याची शक्ती व्यक्तिगणिक बदलते, म्हणून सरसकट नियम सांगता येत नाही. हेल्मेटच्या पुढील बाजूस कपाळावर हवा घेणारी दोन-तीन छिद्रे आणि मागे ती बाहेर सोडणारी वाट असावी, एवढे किमान पाहावे. आतील पन्हळी त्या दोन्हींना जोडणाऱ्या असल्या पाहिजेत. नुसती छिद्रे शोभेची ठरतात. लेझर कंपनीच्या ‘टार्डिझ’ या हेल्मेटला माथ्यावर पाणी ओतण्यासाठी वेगळे तोंड ठेवले होते. उष्ण प्रदेशातील स्पर्धांचा विचार करून केलेली ही सोय आपल्याकडे अगदीच समर्पक आहे. डोळ्यांपुढील काच दमट हवेत आतून धुकट होते. ती चुंबकाने लागणारी व एका हाताने काढता येणारी असावी आणि काढल्यावर साधा चष्मा घालता यावा.

कन्नड परिसरातील रस्त्यांचे उदाहरण

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड हे तालुक्याचे गाव समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांहून अधिक उंचीवर, सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग क्र. ५२ वर आहे. संभाजीनगरहून दौलताबाद, वेरूळ करीत येणारा रस्ता पठारावरून कन्नडला पोहोचतो आणि पुढे औट्रम घाटातून चाळीसगावकडे खानदेशात उतरतो. घाटाभोवती गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा परिसर आहे. हेल्मेट निवडीतील जवळजवळ सर्व प्रश्न या एका मार्गावर समजून घेता येतात.

पठारावरील उघड्या भागात वारा बहुधा बाजूने येतो. तेथे शेपटीची लांबी जाणवते. औट्रम घाट चढताना वेग ताशी १० ते १५ किलोमीटरांवर येतो, हवेचा रोध नगण्य होतो आणि बंद हेल्मेट निव्वळ ओझे ठरते. तोच घाट उतरताना वळणे आणि वाहनांची वर्दळ असते. कान झाकलेले असतील तर मागून येणाऱ्या वाहनाचा आवाज उशिरा कळतो आणि काचेच्या कडा बाजूची नजर थोडी अडवतात. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा सकाळी नऊनंतर डोके झाकून बसण्यात शहाणपण नाही. या रस्त्यावर रोजच्या सरावासाठी छिद्रांचे साधे हेल्मेटच योग्य होय. एरो हेल्मेट स्पर्धेपूर्वीच्या काही लांब रंगीत तालमींसाठी आणि स्पर्धेच्या दिवसासाठी राखून ठेवावे.

आणखी एक गोष्ट पठारावरील स्वाराला फसवते. एकाच तापमानाला ६०० मीटर उंचीवरील हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे ७ टक्के विरळ असते. कन्नडजवळच्या सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर देणारे श्रम गोव्याच्या किनाऱ्यावर त्याहून अर्ध्या किलोमीटरने कमी वेग देतील. हा फरक हेल्मेटमुळे मिळणाऱ्या लाभाच्या तिप्पट आहे. ऋतूचेही तसेच. हिवाळ्यातील १८ अंशांची पहाट आणि उन्हाळ्यातील ३२ अंशांची सकाळ यांत हवेच्या घनतेचा फरक साडेचार टक्क्यांच्या घरात जातो. डिसेंबरात जुने हेल्मेट आणि एप्रिलमध्ये नवे हेल्मेट घालून वेळांची तुलना करणारा नव्या हेल्मेटला विनाकारण श्रेय देतो.

चाचणी घ्यावयाची असल्यास ती एकाच सकाळी, वारा पडलेला असताना, रहदारी नसलेल्या लहान रस्त्यावर जाऊन-येऊन घ्यावी. शक्तिमापक सायकलला असावा, कपडे व टायरमधील हवा तीच असावी, आणि दोन हेल्मेटे आलटून-पालटून किमान तीन-तीन वेळा वापरावीत. महामार्ग या कामासाठी नाही, आणि घाटाचा उतार तर मुळीच नाही.

संरक्षण आणि मानके

सायकल हेल्मेटच्या आत असणारा जाड थर थर्माकोलच्याच जातीचा, पण अधिक घट्ट असतो. पडल्यावर तो दबतो आणि धक्का विभागतो. एकदा दबलेला थर पूर्ववत होत नाही. मोठ्या पडझडीनंतर हेल्मेट वरून धड दिसले तरी ते बाद समजावे. याच कारणाने पूर्वेतिहास ठाऊक नसलेले जुने हेल्मेट विकत घेऊ नये.

युरोपात ‘ईएन १०७८’ आणि अमेरिकेत ‘सीपीएससी’ ही मानके लागू आहेत. युरोपीय चाचणीत हेल्मेट घातलेला कृत्रिम शिरोभाग सपाट ऐरणीवर सेकंदाला ५.४२ मीटर, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर वेगाने आदळवतात. आतील प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या २५० पटींपेक्षा अधिक होता कामा नये. सुमारे दीड मीटर उंचीवरून डोके जमिनीवर पडण्याची ही स्थिती आहे. ताशी ५० किलोमीटरने घाट उतरताना वाहनावर आदळण्याची हमी यात कोठेही नाही, आणि महागडे एरो हेल्मेट घेतल्याने ती वाढत नाही. दोन्ही प्रकारची हेल्मेटे त्याच किमान कसोटीतून जातात.

भारतात ‘आयएस ४१५१’ हे मानक मोटारचालित दुचाकीच्या हेल्मेटसाठी आहे. सायकलस्वाराने त्या शिक्क्याचे जड हेल्मेट वापरू नये. ते तासन्‌तास घाम गाळणाऱ्या माणसासाठी बनवलेले नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील हेल्मेटची सक्तीही मोटारसायकलस्वारांपुरती आहे. कायद्याची सक्ती नसल्याने आणि ऑनलाइन बाजारात नामांकित हेल्मेटांच्या हुबेहूब नकला मिळत असल्याने आतील बाजूस मानकाची नोंद आहे की नाही, हे स्वतःच पाहावे लागते. एका मिनिटाच्या लाभासाठी नक्कल विकत घेणे हा सर्वांत महाग सौदा होय.

माप आणि स्पर्धेचे नियम

भुवयांच्या थोडे वरून डोक्याचा घेर मोजून माप ठरवतात. मात्र घेर सारखा असूनही एकाचे डोके गोल व दुसऱ्याचे लांबट असते, त्यामुळे घालून पाहण्याला पर्याय नाही. पट्टा न लावता मान हलवली असता हेल्मेट डोक्यावर फिरू नये. कपाळावर वा कानशिलांवर एकाच जागी दाब येऊ नये. दुकानात पाच मिनिटे खपून जाणारा दाब तीन तासांनी डोकेदुखी होतो. लांब केसांच्या स्त्रियांनी वेणी घालूनच माप पाहावे. अंबाडा मागील निमुळत्या भागात मावत नाही आणि हेल्मेट पुढे कलंडते.

ट्रायथलॉनच्या नियमांनुसार सायकल स्टँडवरून उचलण्यापूर्वी हनुवटीचा पट्टा लावलेला असला पाहिजे, आणि सायकल पुन्हा स्टँडवर ठेवेपर्यंत तो सोडता येत नाही. चूक झाल्यास दंड होतो, प्रसंगी स्पर्धेतून बादही केले जाते. पाण्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या, धाप लागलेल्या माणसाला ओल्या बोटांनी बक्कल लावायचे असते. कान झाकणाऱ्या पाळ्या घाईत कान दुमडतात. त्या दोन्ही हातांनी बाहेर ताणून हेल्मेट डोक्यावर उतरवण्याचा सराव घरी, डोके ओले करून, करावा. यात दहा सेकंदे गेली तर वाचलेल्या मिनिटाचा सहावा भाग सायकलवर बसण्याआधीच संपतो.

महाराष्ट्रातील प्रसार

अभिनेते मिलिंद सोमण यांनी जुलै २०१५ मध्ये झुरिच येथील आयर्नमॅन स्पर्धा वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर पूर्ण केली, तेव्हा मराठी वृत्तपत्रांतून हा क्रीडाप्रकार घरोघरी पोहोचला. पुण्याचे कौस्तुभ राडकर यांनी अनेक आयर्नमॅन स्पर्धा पूर्ण केल्या असून प्रशिक्षक म्हणूनही ते परिचित आहेत. कोल्हापुरात ‘बर्गमन’ ही ट्रायथलॉन स्पर्धा भरते. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत जोडीने पूर्ण करून आले. ती ट्रायथलॉन नसली तरी लांब पल्ल्याच्या सायकलिंगकडे राज्यातील अनेकांचे लक्ष त्यामुळे वळले.

एरो हेल्मेटे बहुतेक परदेशी बनावटीची असल्याने त्यांची किंमत साध्या हेल्मेटच्या कित्येक पट पडते, आणि तालुक्याच्या गावी ती घालून पाहण्याची सोय नसते. मोठ्या शहरातील दुकानात जाऊन माप पाहणे किंवा ओळखीच्या स्पर्धकाचे, कधीही न पडलेले हेल्मेट तासभर मागून घेणे, हे दोनच मार्ग उरतात. आणलेले हेल्मेट उन्हात उभ्या मोटारीच्या काचेमागे ठेवू नये. त्या उष्णतेने आतील थर व चिकटवलेले पॅड सुटू लागतात. घामाचे पॅड कोमट पाण्यात साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवतात. स्पिरिट किंवा थिनरने कवच पुसल्यास ते ठिसूळ होते.